कळी दिसली की खुडायची

"यातली साधी कुठली आणि सरांची कुठली, हे नुसतं बघून सांगता येतं का हो?" मॅडमनी विचारलं.

"येतं की," चिमटे म्हणाले. "पाटी वाचून."

मी हसलो. मॅडम हसल्या नाहीत, म्हणून मी घाईघाईने हातातल्या यादीत डोकं घातलं.

काचघराच्या तिसऱ्या कप्प्यात आम्ही तिघं उभे होतो. मॅडमना वनस्पतिशास्त्राच्या विभागप्रमुख होऊन चार महिने झाले होते. तिसरा कप्पा मोकळा करून तिथे नव्या सूक्ष्मदर्शकासाठी थंड खोली करायची, असं त्यांनी आल्या आल्या ठरवलं होतं. कुठली झाडं ठेवायची आणि कुठली काढायची याची यादी चालली होती. ती माझ्या हातात, कारण मी विभागाचा स्टोअरकीपर. झाडांतलं मला ओ की ठो कळत नाही. काचेच्या नळ्या, मातीची पोती, साबण, झाडू आणि लोकांनी नेऊन परत न केलेल्या कात्र्या, हा माझा प्रांत.

समोरच्या फळीवर दोन ट्रे होते. प्रत्येकात चाळीसेक झाडं. झाडं म्हणायचं आपलं. एकेक जेमतेम रुपयाएवढं, मातीला चिकटून बसलेलं, पिवळट हिरवं, पानांना लोणी चोळल्यासारखी चकाकी. त्या पानांवर चिलटं बसतात आणि बसतात ती बसतातच. पान त्यांना सावकाश जिरवून टाकतं. शास्त्रातलं नाव पिंग्विक्युला. विभागात आम्ही सगळे चिकटी म्हणतो. एका ट्रेवर पाटी होती 'साधी'. ही जात कुठल्याही रोपवाटिकेत मिळते. दुसऱ्यावर 'सरांची'. ती आमच्या विभागातून निवृत्त झालेल्या म्हाताऱ्या सरांनी तरुणपणी एका दलदलीतून आणलेली. त्या दलदलीवर पुढे विमानतळाची धावपट्टी झाली. तेव्हा ती जात आता आमच्या त्या ट्रेमध्ये होती, आणि दुसरीकडे कुठे असली तर कुणाच्या ऐकिवात नव्हती.

"फुलावरून लगेच कळतं," मॅडम म्हणाल्या. त्या मलाच सांगत होत्या, कारण मी यादी धरून शहाण्यासारखा उभा होतो. "साधीच्या खालच्या ओठाच्या तीन पाकळ्या अरुंद असतात, मधे फट असते. दुसरीच्या रुंद असतात, एकमेकींवर चढलेल्या. मागची नळीही लांब. पानांवरून मात्र मलासुद्धा नाही सांगता येणार. फुलं कधी येतात यांना?"

"येत नाहीत," चिमटे म्हणाले.

"म्हणजे?"

"येऊ देत नाही. कळी दिसली की खुडायची. सरांचा नियम आहे. फुलात जीव गेला की बुडाशी छोटी पिलं सुटत नाहीत."

मॅडमनी एकदा त्यांच्याकडे आणि एकदा ट्रेकडे पाहिलं. "बरं. सरांचा ट्रे दुसऱ्या कप्प्यात हलवा. साधी काढून टाका. जागा नाही, आणि हवी तेव्हा विकत मिळते. पाट्या बरोबर आहेत ना?"

"मीच लिहिल्यात," चिमटे म्हणाले.

हे उत्तर मी तेव्हा ऐकलं आणि सोडून दिलं. मॅडमनीही सोडून दिलं. उत्तर खरं होतं, फक्त ते त्या प्रश्नाचं नव्हतं.

चिमटे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. शर्टाच्या वरच्या खिशात पेनाच्या जागी कायम बारीक टोकाचा स्टीलचा चिमटा, म्हणून चिमटे. हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नाही. मी लागलो त्याच वर्षी काचघराचे मदतनीस म्हणून ते लागले, म्हणजे आमची ओळख बावीस वर्षांची. माणूस उंच, जरासा वाकलेला, आवाज कधी न चढवणारा. घरी बायको, एक मुलगी लग्न होऊन परगावी. आयुष्यात काही विशेष घडलं असलं तर त्यांनी ते आम्हाला कळू दिलं नव्हतं. निवृत्तीला दोन महिने उरले होते.

माझ्या स्टोअरशी त्यांचा संबंध दोन कारणांनी. एक म्हणजे माझ्याकडच्या ओल्या मातीच्या पोत्यांतून चिलटं उठायची आणि माझ्या चहात पडायची. साध्या ट्रेमधली जास्तीची पिलं ते मागेल त्याला वाटायचे; मी फार कटकट केली तेव्हा त्यातलं एक छोट्या कुंडीत लावून त्यांनी माझ्या खिडकीत आणून ठेवलं. "हा तुमचा पहारेकरी," म्हणाले. "पगार मागत नाही." त्याला आता नऊ वर्षं झाली. दर गुरुवारी ते बाटलीत साठवलेलं पावसाचं पाणी घेऊन यायचे, कुंडीखालच्या बशीत ओतायचे, आणि थंडी सरली की पानांच्या मधोमध वर येणारी टाचणीच्या डोक्याएवढी कळी चिमट्याने अलगद उचलून टाकायचे. तेव्हापर्यंत एकही गुरुवार चुकला नव्हता. माझ्या बायकोने माझी औषधं इतक्या नेमाने दिली असती, तर माझी शुगर कधीच वाढली नसती.

दुसरं कारण फोन. काचघरात मोबाइलला रेंज नाही, माझ्या खिडकीत आहे. सर निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती. आता नव्वदीला टेकलेले, दुसऱ्या गावी मुलाकडे असतात, डोळ्यांनी जवळजवळ काही दिसत नाही. पण दर वर्षी फुलांच्या मोसमात त्यांचा फोन येणार म्हणजे येणार. चिमटे माझ्या खिडकीशी उभे राहून बोलायचे. सरांना ऐकू कमी येतं म्हणून ते ओरडून बोलतात, त्यामुळे पलीकडचंही मला ऐकू यायचं.

"मंडळी कशी आहेत?"

"मजेत आहेत, सर."

"एकदा फुलू द्या की आता. पुष्कळ झाली असतील."

"पुढच्या वर्षी बघतो, सर."

असं अकरा वर्षं. मला वाटायचं, काय हा नियमाचा पक्का माणूस. खुद्द नियम करणारा सोडायला तयार आहे आणि हे धरून बसलेत.

मॅडमच्या हुकमानंतर दहा दिवस चिमट्यांनी काहीच केलं नाही. ट्रे जिथल्या तिथे. मॅडमनी दोनदा आठवण केली. तिसऱ्यांदा त्या मलाच म्हणाल्या, "तुमच्या मित्रांना सांगा, सोमवारी कामगार येणार आहेत." मी सांगितलं. चिमटे बरं म्हणाले.

काचघरातून बाहेर जाणारी माती आमच्याकडे आधी वाफेच्या पेटीत घालतात, म्हणजे तिच्यातली कीड आणि बी बाहेर पसरत नाही. त्या शुक्रवारी मी पेटीच्या खोलीत बादली शोधायला गेलो, तर चिमटे माझी बादली पालथी घालून तिच्यावर बसलेले. पेटी चालू होती.

"साधी?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवली.

पेटीला चाळीस मिनिटं लागतात आणि ती आपोआप बंद होते. तिच्याजवळ कुणी बसत नाही. मी म्हटलं, "चहा घेऊ या." ते म्हणाले, "हे होऊ दे." मग मीही थोडा वेळ उभा राहिलो. मला वाटलं, इतक्या वर्षांची झाडं, माणसाला वाटणारच. बादली तशीच ठेवून मी परत आलो.

पुढची गोष्ट मॅडमच्या डोक्यातून निघाली. सरांचा ट्रे दुसऱ्या कप्प्यात गेला, तिथे सरांच्या नावाची एक छोटी पाटी बसवायची आणि वर फुलाचा मोठा फोटो लावायचा, असं त्यांनी ठरवलं. फोटो काढायचा तर फूल हवं.

"पाच झाडं राखा," त्या चिमट्यांना म्हणाल्या. "बाकीची खुशाल खुडा. चाळीस आहेत, पाच फुलली तर काही बिघडत नाही."

"सरांचा नियम..."

"मी सरांना फोन केला होता. ते म्हणाले, मी दर वर्षी हेच सांगतोय."

चिमटे पाच झाडं मोजायला लागले.

त्या दिवसापासून माणूस बदलला. माझ्याकडे यायचं बंद झालं. पहिला गुरुवार चुकला तेव्हा मी लक्ष दिलं नाही. दुसरा चुकला तेव्हा बशीत मीच नळाचं पाणी घालणार होतो, पण नळाचं चालत नाही एवढं मला माहीत होतं, म्हणून काचघरातून बाटली आणली. चिमटे फळीशी उभे होते. पाच झाडांतून पाच देठ वर आले होते, सुतासारखे बारीक, प्रत्येकाच्या टोकाला मान खाली घातलेली एक कळी.

"तुमचा पहारेकरी तहानलाय," मी म्हटलं.

"न्या पाणी," ते म्हणाले. माझ्याकडे वळलेसुद्धा नाहीत.

मला राग आला. बावीस वर्षांत मी या माणसाला एक कात्री कमी दिली नाही, आणि हा मला पाठ दाखवतो. मी बाटली घेऊन निघून आलो आणि आठवडाभर बोललो नाही. त्यांना ते कळलं असेल असं वाटत नाही.

मग एका सकाळी मी कुलूप काढतोय तोच ते मागे येऊन उभे राहिले. "जरा येता?" म्हणाले.

पाचही फुलं उमललेली होती. जांभळी, सुंदर, जेमतेम नखाएवढी. मला बाकी काही कळत नव्हतं, पण मॅडमनी सांगितलेलं आठवत होतं. खालचा ओठ, तीन पाकळ्या. मी चष्मा वर करून वाकून पाहिलं. पाकळ्या अरुंद होत्या. दोन पाकळ्यांच्या मधून पलीकडचं पान दिसत होतं.

"आजच उमललीत, अजून पसरतील," मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो.

"आज पाचवा दिवस आहे," चिमटे म्हणाले.

मी सरळ उभा राहिलो. पाटी वाचली. 'सरांची'. अक्षर चिमट्यांचं.

"मग ती दुसरी..."

"ती मी उकडली," ते म्हणाले. "स्वतःच्या हाताने."

आम्ही तिथेच मातीच्या पोत्यावर बसलो आणि त्यांनी मला सगळं सांगितलं. आवाज नेहमीचाच, जसं काही नळ गळत असल्याची तक्रार सांगतायत. अकरा वर्षांपूर्वी, ऐन थंडीत, सर निवृत्त होऊन महिना झाला होता. चिमट्यांच्या बायकोचं ऑपरेशन झालं आणि हे आठ दिवस रजेवर गेले. तेवढ्यात काचघराच्या चौकटी रंगवायला माणसं आली. थंडीत ही झाडं पानं टाकतात आणि मटाराएवढी एक गाठ होऊन मातीत पडून राहतात. दोन्ही जातींची गाठ एकसारखी. रंगाऱ्यांनी ट्रे खाली उतरवून ठेवले. ट्रेमध्ये सरांच्या अक्षरातल्या लाकडी चपट्या पट्ट्या खोचलेल्या होत्या. रंगाऱ्यांना रंग ढवळायला काहीतरी हवं होतं.

"पट्ट्या मला डब्यात सापडल्या," चिमटे म्हणाले. "दोन्ही पांढऱ्या. वर काही दिसत नव्हतं. ट्रे फळीवर परत ठेवलेले, पण कुठला कुठे होता कुणास ठाऊक. मी अंदाजाने नव्या पाट्या लावल्या. डावीकडची सरांची, असं मला वाटलं."

"अहो, मग त्या वर्षी एक फूल येऊ द्यायचं. लगेच कळलं असतं."

"हो."

"मग का नाही येऊ दिलंत?"

"कळलं असतं म्हणूनच."

त्यांनी खिशातला चिमटा काढला, बघितला, परत ठेवला.

"पहिल्या वर्षी वाटलं, आत्ताच सर निवृत्त झालेत, आत्ता नको. बरोबर निघालं तर बरंच, पण नाही निघालं तर? आणि नियम होताच. खुडलं की कुणी विचारत नव्हतं. उलट शाबासकी देत होते. दुसऱ्या वर्षी सांगायचं म्हणजे पहिल्या वर्षी का नाही सांगितलं, तेही सांगावं लागणार. मग होत गेलं ते असं."

"अरे, पण पेटीत घालायच्या आधी तरी..." बावीस वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना अरे म्हटलं.

"तोंडापर्यंत आलं होतं. मॅडमनी विचारलं, पाट्या बरोबर आहेत ना. तेव्हाच सांगायचं. मग म्हटलं, निम्मी शक्यता आहे की बरोबरच असेल. दीड महिन्याने घरी जायचं होतं मला. सरळ."

मला त्यांचा राग यायला हवा होता, आणि आलाही. पण त्याच वेळी त्यांच्या गुडघ्यांवर ठेवलेल्या हातांकडे पाहून मला फार वाईट वाटलं. ही दोन्ही एकत्र वाटण्याची मला सवय नाही. स्टोअरमध्ये वस्तू एक तर असते किंवा नसते.

तेवढ्यात मला एकदम खिडकी आठवली.

"साधीची पिलं तुम्ही वाटलीत ना?" मी म्हटलं. "म्हणजे ती सरांची होती."

चिमटे माझ्याकडे बघत राहिले. त्यांना हे आधीच सुचलं होतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. त्यांच्यात तिकडे जाऊन बघायचं धैर्य नव्हतं, एवढंच.

त्यांनी आधी जे केलं ते मला वाटतं फार कमी लोकांनी केलं असतं. माझ्या खिडकीशी न येता ते मॅडमकडे गेले. म्हणजे माझ्याकडच्या झाडाची जात कुठली, हे नक्की होण्याआधी. मी सोबत गेलो, दाराशी उभा राहिलो. मला सांगितलं तितकंच त्यांनी सांगितलं, एक शब्द जास्त नाही, बायकोच्या ऑपरेशनवर भर नाही.

"अकरा वर्षं," मॅडम म्हणाल्या.

"हो."

"आणि मी विचारलं तेव्हाही."

"हो."

मॅडम बराच वेळ टेबलावरचा कागद सरळ करत होत्या. तो आधीच सरळ होता. "तुम्हाला रागावून ती झाडं परत आली असती तर मी आत्ता ओरडले असते," त्या म्हणाल्या. "वाटलेली कुठे कुठे आहेत?"

ते शोधण्यात दोन दिवस गेले. वाचनालयातलं कधीच वाळून गेलं होतं, कुंडीत पेन्सिली होत्या. दोन शाळांत फोन केला. एकीत कुणाला काही माहीत नव्हतं, दुसरीतल्या बाई म्हणाल्या, ते सुट्टीत गेलं. वॉचमनच्या केबिनमधलं मांजराने पाडलं होतं. कँटीनच्या मावशींकडे एक होतं, त्यांनी ते फार जपलं होतं. "पानं चिकट व्हायची हो," त्या म्हणाल्या, "म्हणून मी रोज साबणाने पुसायची. दिसायला एकदम स्वच्छ. पण गेलंच बिचारं." चिमट्यांनी त्यांना बरं म्हटलं, चूक तुमची नाही म्हटलं.

उरलं माझं. नऊ वर्षांचं, चिलटं खाऊन गलेलठ्ठ झालेलं. आणि चिमट्यांचे तीन गुरुवार चुकल्यामुळे त्याच्या मधोमध एक देठ वर आला होता. माझी खिडकी उत्तरेची, थंड. म्हणून सगळं उशिरा. कळी अजून मिटलेली होती.

त्यानंतरचे नऊ दिवस मी आयुष्यात विसरणार नाही, आणि त्या नऊ दिवसांत काही म्हणजे काही घडलं नाही. मी चहाचा कप खिडकीपासून लांब ठेवू लागलो, वाफ लागायला नको म्हणून. कुणी माती न्यायला आलं की पोतं हळू आपट म्हणायचो. मॅडम दिवसातून एकदा यायच्या, बघायच्या, एखादी टाचणी मागायच्या आणि जायच्या. चिमटे सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. बसायचे नाहीत. कळीची मान रोज केसभर वर येत होती, आणि मागची नळी दिसायला लागली होती.

"लांब आहे का हो?" मी विचारायचो.

"अजून सांगता येत नाही."

दहाव्या दिवशी फूल उमललं. चिमटे वाकले. मीही वाकलो. तीन पाकळ्या, अरुंद, कडा आत वळलेल्या, आणि मधे फट. स्वच्छ दिसत होती फट.

"झालं," चिमटे म्हणाले. सरळ उभे राहिले, खिडकीची कडी नीट लावली आणि बाहेर गेले. म्हणजे दोन्ही ट्रे साधेच होते तर. किंवा पिलं आणखी कुठे बदलली होती. किंवा सरांची जात त्या रंगाऱ्यांच्या आधीच संपली होती. मी मॅडमना बोलावून आणलं.

मॅडमनी भिंग लावून पाहिलं. "कोण म्हणालं, झालं?"

"चिमटे."

"त्यांना बोलवा. बावीस वर्षं झाडं सांभाळली, पण फूल बघितलंच नाही ना कधी." हे त्या रागाने म्हणाल्या नाहीत. "पहिल्या दिवशी दोन्ही सारख्याच दिसतात. पाकळ्या अजून दुमडलेल्या आहेत. तिसऱ्या दिवसाआधी कुणी काही ठरवायचं नाही. आणि हात लावायचा नाही."

दुसऱ्या दिवशी पाकळ्यांच्या कडा सुटल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी मी साडेसातला पोचलो, तर चिमटे पायरीवर बसलेले. मी कुलूप काढलं. आम्ही आत गेलो आणि दिवा न लावता खिडकीशी उभे राहिलो.

पाकळ्या रुंद झाल्या होत्या. मधली पाकळी दोन्ही बाजूंच्या पाकळ्यांच्या अंगावर चढली होती, कडेला झालर. फट कुठेच नव्हती. घशाशी पांढरा पट्टा आणि त्यात गडद रेघा. मागची नळी लांब, जाड, किंचित खाली वळलेली. मला, ज्याला झाडांतलं ओ की ठो कळत नाही, त्यालाही चुकण्याची सोय नव्हती.

चिमटे रडले नाहीत. त्यांनी माझ्या खुर्चीची पाठ धरली आणि ती बराच वेळ सोडली नाही.

मॅडमनी फोटो काढले, मोजमापं घेतली, बारीक ब्रशने पराग फिरवले. बी धरू दे म्हणाल्या, आणि येत्या थंडीत पानांवरूनही रोपं करून बघू. मग चिमट्यांकडे वळून म्हणाल्या, "सरांना कोण सांगणार?"

"मीच."

फोन माझ्या खिडकीतूनच झाला. चिमट्यांनी सरांना ओरडून सगळं सांगितलं, कारण हळू सांगण्याची सोयच नव्हती. रंगारी, पाट्या, खुडलेल्या कळ्या, वाफेची पेटी. बाहेरून जाणारी दोन मुलं थांबून ऐकायला लागली, त्यांना मी हाकललं.

"किती राहिलंय?" सरांनी विचारलं.

"एक."

सर म्हणाले, "मी नोंदीच्या कार्डावर तीन झाडं आणली असं लिहिलंय. दोन पिशवीतच गेली होती. एकच पोचलं. नवीन नोकरी होती, लाज वाटली." नंतर म्हणाले, "ओठाच्या पाकळ्या चढल्यात ना एकमेकींवर?"

"चढल्यात, सर."

"मग ठीक. ठेवतो."

चिमट्यांच्या निवृत्तीला तेव्हा चार दिवस होते.

आमच्या विभागात एक रीत आहे. वाळवलेल्या झाडाच्या कागदावर किंवा जिवंत झाडाच्या कार्डावर एकदा लावलेली चिठ्ठी काढायची नाही. चुकीची ठरली तरी नाही. तिच्या खाली नवी चिठ्ठी चिकटवायची: बरोबर काय, कुणी ठरवलं, सही, तारीख. काही कागदांवर अशा चार-चार चिठ्ठ्या आहेत. चार विद्वान एका वाळक्या पानावरून पन्नास वर्षं भांडतायत. मागच्या बाजूला डिंक असलेल्या या चिठ्ठ्या माझ्या स्टोअरमधून जातात. नेतात ते प्राध्यापक. मदतनीसाला त्या चिठ्ठीचं काम पडत नाही.

शेवटच्या दिवशी दुपारी चिमटे आले आणि म्हणाले, "ती एक चिठ्ठी द्या."

"मॅडमनी मागितली?"

"मॅडम म्हणाल्या, तुम्हीच लिहा."

मी दिली. त्यांनी माझ्याच टेबलावर बसून लिहिली. माझं पेन घेतलं, कारण त्यांच्या खिशात पेन नसतंच. सरांच्या अक्षरातल्या जुन्या कार्डावर, बरोबर खाली, चिठ्ठी लावली आणि अंगठ्याने दाबून धरली. ते चहा आणायला गेले तेव्हा मी वाचली. लिहिलं होतं, हे झाड अकरा वर्षं साधी म्हणून ठेवलं गेलं, पाटी चुकीची होती, पाटी लावणाराच ती तपासायची टाळत राहिला. जात फुलावरून नक्की केली. सरांच्या तीन झाडांबद्दल काही लिहिलं नव्हतं. ते सरांचं सरांनी बघावं.

खाली सही होती. माझ्या वहीत ते नुसता एक फराटा मारायचे. इथे पूर्ण नाव लिहिलं होतं, स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव, सुवाच्य. बावीस वर्षांत ते मी नीट कधी वाचलंच नव्हतं. मी ते दोनदा वाचलं.

चहा झाला. त्यांनी वरच्या खिशातला चिमटा काढून टेबलावर ठेवला. "विभागाचा आहे. जमा करून घ्या."

"राहू द्या हो. एका चिमट्याचं काय एवढं."

"जमा करून घ्या," ते म्हणाले, आणि मी करून घेतला.

मग ते खिडकीशी गेले. पहिलं फूल आता सुकत आलं होतं आणि त्याच्या शेजारी, पानांच्या मधोमध, दुसरी कळी आली होती, टाचणीच्या डोक्याएवढी. त्यांचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच राहिला.

थोड्या वेळाने त्यांनी तो खाली घेतला. बाटलीतलं पावसाचं पाणी बशीत ओतलं, बूच घट्ट लावलं आणि बाटली माझ्या हातात दिली.

"दर गुरुवारी," ते म्हणाले. "वरून नाही घालायचं. बशीतच."